बदलीचा संसार आणि दिल्लीचा बाजार

इतिहास म्हटला की राजधान्या, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वाण्याच्या दुकानाकडे इतिहास म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. वस्तुतः एखाद्या वस्तीत कोण आले, कोण स्थिरावले आणि कोण निघून गेले, याची नोंद किराण्याच्या फळीवर आणि उपाहारगृहाच्या पाटीवर फार प्रामाणिकपणे उमटते. नवी दिल्लीच्या दक्षिणेस सरोजिनीनगर, किडवाईनगर आणि आय.एन.ए. ही सरकारी नोकरांची वस्ती आहे. बदलीच्या फेऱ्यात आपल्यापैकी कित्येकांनी तेथे चार-दोन वर्षे काढली असतील. तेथील बाजार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

या बाजाराची कुळकथा फाळणीपासून सुरू होते. १९४१ च्या खानेसुमारीत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लक्ष १८ हजार होती, ती १९५१ साली १७ लक्ष ४४ हजारांवर गेली. या वाढीत पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांचा वाटा फार मोठा होता. जमीनजुमला मागे राहिलेला आणि नोकरीचा आधार नाही, अशा स्थितीत पुष्कळांनी जे हाती आले ते विकावयास प्रारंभ केला. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल प्रभृतींनी १९४७ साली दर्यागंजात 'मोतीमहल' उघडले आणि तंदूर दिल्लीच्या उपाहारगृहाच्या मध्यभागी आला. लोणी-टोमॅटोच्या रश्श्यातील कोंबडीचा मूळ जनक कोण, हा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या पदार्थावर वारसाहक्क सांगण्यासाठी लोक न्यायालयात जातात, तो एके काळी निर्वासितांच्या पोटाचा उद्योग होता, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्या वेळच्या विनयनगर भागात सरकारी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कारकून, अधीक्षक आणि अवर सचिव तेथे राहावयास आले. कार्यालयात सर्वांची भाषा इंग्रजी, परंतु संध्याकाळी प्रत्येकाची चूल आपापल्या प्रांताची. १९६३ साली केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 'केंद्रीय भांडार' ही सहकारी संस्था निघाली. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि त्याच वर्षी कॅनॉट प्लेसला 'सुपर बाजार' उघडला. डाळ, तांदूळ, साखर रास्त भावाने मिळण्याची सोय अशा संस्थांनी केली. पण सहकारी भांडार झाले तरी ते सर्वांना लागणारी वस्तू ठेवणार. मद्रासकडील गृहिणीचा कढीपत्ता, मल्याळी कुटुंबाचा जाड तांबडा तांदूळ आणि बंगाल्याची हिलसा मासळी यांची तजवीज करावयास निराळा दुकानदार लागतो. आय.एन.ए. बाजाराने नाव मिळविले ते याच कामात. गिऱ्हाईक काय मागते हे ध्यानात ठेवावयाचे आणि ते कोठूनही आणून द्यावयाचे, हेच तेथील व्यापाराचे सूत्र. पुढे परदेशी वकिलातींची मंडळीही तेथे येऊ लागली, तेव्हा त्याच गल्ल्यांत नारळाशेजारी चीज आणि ऑलिव्ह येऊन बसले. २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि विलायती जिन्नस पुष्कळच सुलभ झाले.

उपाहारगृहांची गोष्टही अशीच आहे. कारकळचे जयराम बनान लहानपणी घर सोडून निघाले. पनवेलला एका कारखान्याच्या उपाहारगृहात त्यांनी भांडी घासली, आणि १९८६ साली दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत 'सागर' उघडले. इडली-डोशाचे गिऱ्हाईक दाक्षिणात्य नोकरवर्गाने दिल्लीत आधीच तयार करून ठेवले होते. पण दुकान मांडले ते ज्याला पगार नव्हता अशा माणसाने. बंगाली मंडळींचे उदाहरण थोडे निराळे. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या आणि दिल्लीत नोकरी करणाऱ्या कुटुंबांना १९६० नंतरच्या दशकात जी वसाहत मिळाली, तीच आजचे चित्तरंजन पार्क. ही माणसेही बव्हंशी पगारदारच, परंतु त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची स्वतःची होती. म्हणून तेथे मासळीचा आणि संदेशाचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मग या बाजारात आपण मराठी माणसे कोठे आहोत? १९९४ साली आय.एन.ए. बाजारासमोर 'दिल्ली हाट' उघडली. तेथे निरनिराळ्या राज्यांच्या खाद्यपदार्थांबरोबर आपले पदार्थही मांडले गेले. महाराष्ट्र सदनातही पिठले-भाकरी मिळते. परंतु हे दोन्ही सरकारी आश्रयाने झालेले. आपण राजधानीत शाळा काढल्या, गणेशोत्सव मांडले, नाटके केली. डोसा आणि तंदुरी रोटी दिल्लीच्या गल्लीगल्लीत गेली, थालीपीठ मात्र घराचा उंबरठा ओलांडून फारसे बाहेर पडले नाही.

मराठी माणसाला व्यापार जमत नाही, असे उत्तर यावर तत्काळ दिले जाते. मला ते पटत नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना मराठी बायकांच्याच खाणावळींनी जेवू घातले. अशा बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले. गरज होती तेथे आपणही चूल रस्त्यापर्यंत नेली. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला बहुधा पहिल्या तारखेस पगार होता आणि तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम. पगारामुळे दुकान मांडण्याची निकड नव्हती आणि बदलीमुळे ते मांडण्यात अर्थ नव्हता. म्हणून गोडा मसाला, आमसुले आणि भाजणी ही ट्रंकेतून आली आणि ट्रंकेतूनच पुढल्या गावी गेली. दुकानदाराने आपल्यासाठी चार जिन्नस ठेवलेही असतील, पण आपण गेल्यावर त्याने ती फळी दुसऱ्याला दिली.

आता तर त्या वस्तीचेच रूप पालटत आहे. २०१० साली आय.एन.ए.ला मेट्रोचे स्थानक झाले. २०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि जुन्या बैठ्या-दुमजली घरांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. गोडा मसाला आज भ्रमणध्वनीवरून मागविता येतो, तेव्हा ट्रंकेची गरजही उरलेली नाही. सोय झाली हे खरेच, आणि तिच्याबद्दल कुरकूर करण्याचे कारण नाही. परंतु निर्वासितांचा इतिहास उपाहारगृहांच्या पाट्यांवर राहिला, बंगाल्यांचा त्यांच्या बाजारात राहिला, आपला मात्र कोठेच राहिला नाही.

राहिला असेल तर तो एकाच ठिकाणी. आपल्या घरोघरी महिन्याचा जमाखर्च लिहिण्याची रीत होती. 'शेंगदाणे, साबुदाणा, खोबरे' असे लिहून पुढे भाव आणि दुकानदाराचे नाव टिपणाऱ्या त्या वह्या माळ्यावर अजून पडून असतील. कोणत्या गावी काय मिळाले, काय मिळाले नाही आणि त्यावाचून कसे भागविले, हे त्यांतच सापडेल. पुढल्या बदलीच्या वेळी सामान बांधताना आईची किंवा आजीची अशी वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नये.