सत्यशोधक धर्मविचार आणि पक्षाचे राजकारण

सन १९२७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील चिखली येथून महात्मा जोतीराव फुले यांचे एक चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील. जोतीराव दिवंगत होऊन तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती. पुण्यात उगम पावलेला विचार वऱ्हाडात किती खोल झिरपला होता, याची ही ठळक खूण होय. तो विचार आधी धर्माचा होता; राजकारण मागाहून आले. धर्मविचारातून लोकशाही पक्ष उभा राहू शकतो काय, हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्रापुरता नव्हता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. निर्मिक एक, मानव सर्व त्याची लेकरे, आणि देव व भक्त यांच्यामध्ये दलालाचे प्रयोजन नाही, हे त्याचे सार. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे जोतीरावांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ साली छापले गेले. योगायोग असा की, त्याच वर्षी रोमच्या तेराव्या लिओ पोपांनी कामगारांच्या हक्कांविषयी आपले प्रसिद्ध धर्मपत्र काढले. पुढे युरोपात त्या शिकवणुकीच्या आधारे पक्ष निघाले. इटलीत लुइजी स्तुर्झो या धर्मगुरूने १९१९ साली पक्ष काढला, तेव्हा त्यास ‘कॅथलिक’ न म्हणता ‘लोकपक्ष’ म्हटले. १९४५ नंतर जर्मनीत तर कॅथलिक व प्रॉटेस्टंट एका ख्रिस्ती लोकशाही पक्षात एकत्र आले.

अमेरिकेत मात्र तसे घडले नाही. फादर जॉन रायन यांनी १९०६ मध्ये निर्वाहवेतनाचा पुरस्कार केला. १९१९ मध्ये बिशपांनी सामाजिक पुनर्रचनेचा कार्यक्रम मांडला. परंतु ज्या निवडणूकपद्धतीत एका जागी एकच उमेदवार विजयी होतो, तेथे तिसऱ्या पक्षाचा निभाव लागणे कठीण. कॅथलिक कामगार बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षात राहिला. त्याच पक्षाने १९२८ साली अल स्मिथ या कॅथलिक पुढाऱ्यास अध्यक्षपदासाठी उभे केले. ते पराभूत झाले. विचार मोठ्या पक्षात मुरला, स्वतंत्र पक्ष झाला नाही.

महाराष्ट्राची कथा या दोहोंच्या मध्ये उभी आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर कायदे कौन्सिलात ब्राह्मणेतर पक्ष अवतरला. भास्करराव जाधव मुंबई इलाख्यात मंत्री झाले. वऱ्हाडात पंजाबराव देशमुख अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असता सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. ‘सर्व लेकरे एका निर्मिकाची’ हे वचन अशा वेळी प्रवचनातून विहिरीच्या काठावर आले. धर्मविचाराचे राजकारण म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

तरीही तो पक्ष टिकला नाही. त्याचे एक कारण त्याच्या नावातच होते. जोतीरावांनी आपला धर्म ‘सार्वजनिक’ म्हटला होता. पक्षाने मात्र स्वतःची ओळख, आपण कोण नाही, यावरून ठरविली. मुंबईच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या, तेव्हा तत्त्वापेक्षा जातीची गणना महत्त्वाची ठरू लागली. दुसरीकडे स्वातंत्र्याचा लढा वाढत होता. केशवराव जेधे यांच्यासारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि बहुजन समाजाचा ओघ त्यांच्यामागे गेला. १९४८ साली जेधे व त्यांचे सहकारी शेतकरी कामगार पक्ष घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्या पक्षाच्या नावात धर्म नव्हता, जातही नव्हती. होते ते श्रम.

म्हणून सत्यशोधकांचे राजकारण निष्फळ झाले, असे म्हणता येत नाही. विहीर खुली झाली ती पुन्हा बंद करण्याचे समर्थन उजळ माथ्याने करणे कोणत्याही पक्षास शक्य राहिले नाही. परंतु ज्या धर्माने साऱ्या मानवांस एक कुटुंब मानले, त्याच्या नावाने मते मागणाराने वजाबाकीवर पक्ष उभारला, तर पक्षाबरोबर तत्त्वही आकुंचन पावते. चिखलीहून निघालेल्या त्या चरित्राचे मोल येथे कळते. पक्ष जागा मोजत होते, त्या काळात मूळ माणूस आणि त्याचे मूळ वचन वाचकांपुढे जपून ठेवण्याचे काम त्या पुस्तकाने केले.