बसऱ्याचा इब्न अल-हैसम आणि आपली चाळिशी

वयाची चाळिशी उलटली की रेहलवरच्या कुरआन शरीफची अक्षरे पुसट होऊ लागतात, दूरचा मिनार मात्र स्वच्छ दिसतो. मग आपण चष्मा घेतो आणि त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. हे असे का होते, याचा इतिहास शोधू लागलो की वाट बसऱ्याला जाते. बसऱ्याचे मोती आपल्याला ठाऊक असतात, पण तिथे इ.स. ९६५च्या सुमारास जन्मलेला इब्न अल-हैसम फारसा ठाऊक नसतो.

डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाझिर' या सात भागांच्या ग्रंथात हे मत खोडून काढले. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो, म्हणजे प्रकाश बाहेरून आत येतो, हा त्याचा साधा पुरावा. या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ मध्ये बासेलला छापले गेले.

आपल्या सभा-संमेलनांत त्याचे नाव निघाले की टाळ्या पडतात आणि 'सारे काही आपल्याच लोकांनी शोधले' असे सांगून वक्ते मोकळे होतात. पण हे खरे नाही. पाहण्याची संवेदना डोळ्यातल्या भिंगातच होते, असे तो समजत होता. प्रतिमा मागच्या पडद्यावर उमटते, हे केप्लरने १६०४ मध्ये दाखवले. त्यानंतरच, जवळची आणि दूरची वस्तू त्या एकाच पडद्यावर स्पष्ट कशी उमटते, हा प्रश्न नीट मांडता आला.

इंग्लंडच्या थॉमस यंगने १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. बुबुळापुढच्या पारदर्शक पटलाला पाणी लावून त्याने त्या पटलाची वक्रता निकामी केली, तरी डोळा जवळ-दूर जुळवून घेतच होता. म्हणजे बदलते ते आतले भिंग. १८५५ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने त्याची रीत सांगितली. भिंगाभोवतीचा स्नायू सैल असला की भिंगाला धरणारे तंतू ताणले जातात, भिंग चपटे होते आणि दूरचे दिसते. स्नायू आवळला की तंतू ढिले पडतात, भिंग फुगते आणि जवळचे दिसते. वय वाढते तसे भिंग ताठर होते, फुगेनासे होते. तीच आपली चाळिशी.

मग इब्न अल-हैसमचे मोठेपण कमी होते का? मुळीच नाही. टॉलेमीसारख्या गुरूच्या लिखाणावरील शंकांचा त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नाव मोठे म्हणून म्हणणे खरे, हे त्याला मान्य नव्हते. त्याच्या चुका पुढच्यांनी सुधारल्या, त्याही त्याच्याच वाटेने, तपासून.

आपण त्याचे नाव घेतो, पण घरात मुलाने 'असे कशावरून?' विचारले की 'गप्प बैस' म्हणतो. त्याचा वारसा सांगायचा असेल, तर आधी त्या मुलाला उत्तर द्यायला हवे. आणि उत्तर येत नसेल, तर त्याच्यासोबत बसून शोधायला हवे.