निवडणुकीच्या जुन्या पत्रकांची साक्ष

इतिहासाची साधनं म्हटली की ताम्रपट, बखर, मोडी कागद असंच काही डोळ्यांपुढे येतं. निवडणुकीत गावोगाव वाटलेलं एकपानी पत्रक कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मतदान झालं की ते चुलीत जातं, नाहीतर त्यात मिठाची पुडी बांधली जाते. पण मंडळी, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावाचा अलीकडचा इतिहास कुणी लिहू म्हणेल, तर त्याला हे कागद शोधावे लागतील. सातबारा जमिनीचा हिशेब सांगतो, जनगणना डोकी मोजते. पत्रक मात्र गावकऱ्याला उद्देशून लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा त्याच्याकडे काहीतरी मागत असतो.

हे मागणं नवं होतं. जव्हार मुकणे राजांचं संस्थान. मोखाडा इंग्रजी अमलातल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. १९४८ साली संस्थान विलीन झालं. त्यापूर्वी इंग्रजी मुलखात मत होतं ते मालमत्तेच्या, साऱ्याच्या किंवा शिक्षणाच्या अटीवर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. संस्थानची प्रजा आणि इंग्रजांची रयत एका रांगेत आली.

आता अडचण अशी की पत्रकावर पुष्कळदा साल नसतं. ‘येत्या रविवारी’ असं छापलेलं असतं. कोणत्या सालचा रविवार? इथे थोडं बारीक पाहावं लागतं. ‘अमुक चित्राच्या पेटीत मत टाका’ असं असेल, तर ते १९५१-५२ किंवा १९५७ चं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळी नावं एका कागदावर आली आणि चिन्हापुढे शिक्का मारायचा झाला. ‘आपली दोन्ही मते द्या’ असं असेल, तरीही पत्रक जुनंच. १९५७ साली शामराव परुळेकर ठाण्याहून लोकसभेवर गेले, तो मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा आदिवासींसाठी राखीव. असे दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. काँग्रेसची बैलजोडी १९६७ पर्यंतची. १९७१ साली गाय-वासरू आलं, १९८० साली हात.

तळाची बारीक ओळ तर मुळीच सोडू नये. निवडणूक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, अशी तरतूद १९६१ साली निवडणूक कायद्यात आली. कागद ठाण्यात छापला की नाशकात, यावरून प्रचार कोणत्या वाटेने डोंगर चढला याचा माग लागतो.

पत्रक खरंच बोलतं असं मात्र नाही. ती उमेदवाराची बाजू. ‘रस्ता केला’ असं छापलं म्हणून रस्ता झाला असं धरू नये. दहा वर्षांनी दुसऱ्या पत्रकात त्याच रस्त्याचं आश्वासन सापडलं, तर दोन्ही कागद शेजारी ठेवावेत, म्हणजे झालं. शिवाय भाषा पाहा. घरात वारली, कातकरी किंवा कोकणा बोली, आणि पत्रकात शहरी मराठी. वाचणारे थोडे, म्हणून कुणी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चित्र एवढं ठळक का, हे मग सांगावं लागत नाही.

गुरुजींना एक विनंती. मुलांना घरची पेटी, पोथीचं बासन, हिशेबाची जुनी वही चाळायला सांगा. पत्रक मिळालं तर त्याला खळ लावू नका, प्लॅस्टिकमध्ये डकवू नका. कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट, कोरड्या जागी ठेवा; वाळवीवर नजर असू द्या. घडीवर पेन्सिलीने लिहा, कोणत्या पाड्यावर आणि कधी सापडलं. आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे वाचून कुणी दाखवलं होतं? तेही त्याच घडीवर लिहून ठेवा.