आभासी शवविच्छेदन

मृतदेह न चिरता सीटी स्कॅन, एमआरआय इ. प्रतिमांवरून मृत्यूचे कारण शोधण्याची न्यायवैद्यक पद्धती (→ क्ष-किरण, शवविच्छेदन). क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यानंतर लवकरच त्यांच्या प्रतिमा न्यायालयात पुरावा म्हणून मांडल्या जाऊ लागल्या. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात रिचर्ड डिर्नहोफर, मिखाएल थाली व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘व्हर्टॉप्सी’ प्रकल्पातून या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले.

अस्थिभंग, शरीरात अडकलेल्या गोळ्या व धातूचे तुकडे, तसेच छातीच्या पोकळीत किंवा रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. ही हवा नेहमीच्या विच्छेदनात छेद घेताच निसटू शकते, म्हणून प्रतिमा आधी घेणे महत्त्वाचे. मृदू ऊतींसाठी एमआरआय उपयोगी पडते. हृदयधमन्यांतील अडथळा साध्या सीटी स्कॅनमध्ये नीट कळत नाही. त्यासाठी मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत प्रतिमारंजक द्रव सोडतात. कुजण्यामुळे तयार झालेला वायू इजेचा भास निर्माण करू शकतो. विषबाधेच्या निदानासाठी रासायनिक तपासणी लागतेच (→ विषविज्ञान).

प्रतिमा जतन होत असल्याने दफन वा दहनानंतरही दुसऱ्या तज्ज्ञाला फेरतपासणी करता येते. विच्छेदनाला धार्मिक वा भावनिक विरोध असलेल्या कुटुंबांनाही हा पर्याय मोलाचा ठरतो. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ मध्ये अशी सुविधा सुरू झाली.