आघारकर कोण?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका स्नेह्यांकडे मुलांसाठी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम झाला. परीक्षकाचे काम मजकडे आले होते. "आघारकर कोण?" असा प्रश्न मी घातला. एका चुणचुणीत मुलाने उभे राहून 'सुधारक' पत्र, टिळकांशी झालेला मतभेद, फर्ग्युसन महाविद्यालय, असे सगळे घडाघड सांगितले. टाळ्याही पडल्या. ते आगरकर, हे नव्हेत, असे मी म्हणताच यजमानांनीच मला विचारले, "मग हे आघारकर कोण?" दहा मिनिटांत मी जे सांगितले ते अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 1884 साली मालवणला झाला. धारवाड येथे शालेय शिक्षण, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदवी आणि पुढे तेथेच जीवशास्त्राचे अध्यापन, हा त्यांचा पूर्वक्रम. येथवर त्यात विशेष काही नाही. विशेष घडले ते 1911 साली, साताऱ्याकडील सह्याद्रीच्या गोड्या पाण्यात. तेथे त्यांना एक जेलीफिश आढळला.

समुद्रकाठच्या माणसाला जेलीफिशचे अप्रूप नाही. हाड नाही, मेंदू नाही, अशी ती पारदर्शक छत्री उघडझाप करीत खाऱ्या पाण्यात तरंगत असते. परंतु तिचे नातेवाईक गोड्या पाण्यात क्वचितच राहतात. आघारकरांना मिळालेला जीव लिम्नोक्निडा या वंशाचा ठरला. आणि तो वंश तोवर केवळ आफ्रिकेतूनच, म्हणजे टांगानिका सरोवरातून व तिकडच्या इतर जलाशयांतून, माहीत होता. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास 'इंडिका' हे नाव दिले. आफ्रिकेतला जीव सह्याद्रीत कसा? मध्ये तर सबंध समुद्र, आणि हा गोड्या पाण्याचा रहिवासी! योगायोग असा की, 1912 च्या जानेवारीत आल्फ्रेड वेगनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड एकमेकांपासून सरकत दूर गेले, ही कल्पना प्रथम मांडली. भारत व आफ्रिका ज्या प्राचीन महाखंडाचे तुकडे होत, त्याचे 'गोंडवन' हे नाव मात्र भूशास्त्रज्ञांनी त्याआधीच, आमच्या या गोंडांच्या मुलखावरून घेतलेले होते. एका इवल्याशा प्राण्याने खंडांची फारकत सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु जीव कोठे आढळतो आणि तेथेच का आढळतो, हा प्रश्न आघारकरांना येथून चिकटला तो सुटला नाही.

यापुढची कथा कलकत्त्याची आहे. आमच्या रायपूरच्या स्थानकावरून मुंबई-हावडा मेल जाते. आमच्याकडे वस्तीला 'पारा' म्हणतात. तोच शब्द किंचित फरकाने बंगालीतही आहे. इतके जवळ राहूनही कलकत्त्याने विज्ञानासाठी काय केले याची कल्पना आम्हां मराठी माणसांस फारशी नसते. तेथे 1876 साली डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकाच्या पदवीधराने विज्ञानसंवर्धनाची एक संस्था काढली. डॉक्टरसाहेब मोठे मानी. पाश्चात्त्य वैद्यकातील उच्च पदवी मिळवूनही त्यांनी होमिओपथीचा पुरस्कार केला आणि व्यवसायबंधूंचा रोष पत्करला. हिंदी माणसाने विज्ञान नुसते शिकू नये, स्वतः संशोधन करावे, यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. इमारत उभी राहिली. पूर्ण वेळ संशोधन करणारा माणूस काही मिळाला नाही. ही खंत मनात घेऊनच 1904 साली ते वारले.

तीन वर्षांनी त्या दारातून एक तरुण आत आला. तो केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातला अधिकारी होता. सकाळी कचेरीपूर्वी आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तो तेथे प्रयोग करी. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. अशी दहा वर्षे काढून 1917 साली त्यांनी मोठ्या पगाराची नोकरी सोडली व विद्यापीठात कमी पगाराचे प्राध्यापकपद घेतले. 28 फेब्रुवारी 1928 रोजी प्रकाशाच्या विकिरणाचा तो विख्यात शोध त्याच संस्थेत लागला. (मी स्वतः केंद्र सरकारचा कारकून असल्यामुळे या हकिकतीचा मला थोडा अवास्तव अभिमान वाटतो, हे कबूल करतो. कचेरी सुटल्यावर मी स्वतः काय करतो, हे कोणी विचारू नये.)

रामन ज्या विज्ञान महाविद्यालयात गेले त्याची कोनशिला 1914 साली आशुतोष मुखर्जी यांनी बसविली. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांवर ते उभे राहिले, आणि ही प्राध्यापकपदे हिंदी माणसांनाच द्यावीत, अशी देणगीची अट होती. प्रांताची अट मात्र नव्हती. पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापकपद पुढे मद्रासकडील रामन यांना मिळाले. वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद मालवणच्या आघारकरांना. पदार्थविज्ञानाच्या घोष पदावर जगदीशचंद्र बसूंचे भाचे देवेंद्रमोहन बसू आले. परदेशी जाऊन अध्ययन करावे, म्हणून आघारकर व देवेंद्रमोहन दोघेही 1914 साली जर्मनीस गेले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

इंग्रजांची प्रजा म्हणून दोघेही शत्रुराष्ट्रात अडकले. आघारकरांना तर स्थानबद्धताही भोगावी लागली. पण हे दिवस वाया गेले नाहीत. देवेंद्रमोहन यांनी बर्लिनमध्ये मेघपेटीत अणुकणांच्या वाटांची छायाचित्रे घेतली. आघारकरांना पुढे अध्ययनाची मोकळीक मिळाली. त्यांनी आडॉल्फ एंगलर या वनस्पतिभूगोलाच्या आचार्यांजवळ काम केले. विषय होता वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशांतल्या झुडपांचा प्रसार आणि उगम. जेलीफिशचाच प्रश्न झुडपांना विचारला होता, असे मला वाटते: तू येथला की बाहेरचा? आलास तर कोठून आलास? 1919 साली डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि 1946 पर्यंत कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. बर्लिनहून परतल्यावर आघारकरांनी स्वतःचे संशोधन फारसे केले नाही, अशी त्यांच्याविषयी तक्रार असते. रामन यांच्या यादीपुढे त्यांची यादी तोकडी आहे, यात संशय नाही. पण त्यांचा वेळ गेला कोठे? भारतीय विज्ञान काँग्रेसचे सरचिटणीसपद त्यांनी सांभाळले. 1935 साली राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. सरचिटणीस म्हणजे काय, हे आम्हां कचेरीतल्या लोकांना सांगावे लागत नाही. पत्रे, स्मरणपत्रे, इतिवृत्ते, वर्गणीचे हिशेब, अध्यक्षांच्या तारखा. यांतील एकही कागद शोधाच्या इतिहासात उद्धृत होत नाही, आणि ते कागद नसते तर निबंध वाचायला सभा भरली नसती, छापायला नियतकालिक निघाले नसते. महेंद्रलाल सरकारांनीही कोणता शोध लावला? त्यांनी खोली बांधली. शोध दुसऱ्याने लावला. तेव्हा आघारकरांच्या या उद्योगाला संशोधनातील उणीव मानण्यास माझे मन तयार होत नाही. एक उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ त्यात खर्ची पडला, ही हानी मात्र मी नाकारीत नाही. त्यांच्या शिष्यांनीही ती मनात मोजली असेल.

1946 साली निवृत्त होऊन ते पुण्यास आले. वय बासष्टीला टेकलेले. विश्रांती घेतली असती तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी काही विद्वान मित्रांना जमवून त्याच वर्षी 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' स्थापन केली. तिचे इंग्रजी नाव पाहिले की ऋण लगेच ध्यानात येते. सरकारांच्या संस्थेच्या नावातील 'इंडियन' काढून तेथे 'महाराष्ट्र' घातले आहे, बाकी शब्द तेच. मराठी मुलखात विज्ञानसंस्था निघाली, तिचे बी बंगालमधले. बत्तीस वर्षे ज्या गावाने या माणसाला आपला मानले, तेथून तो रिकाम्या हाताने आला नाही. 1960 साली निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. पुढे तिने गहू व सोयाबीनच्या वाणांवर काम केले. 'मॅक्स' या अक्षरांनी सुरू होणारी तिच्या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली. ती अक्षरे त्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत.

संस्थेच्या प्रयोगशाळेला 1992 साली आघारकरांचे नाव देण्यात आले. ती पुण्यात ज्या रस्त्यावर आहे, तो रस्ता आहे गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. मध्यंतरी तेथे एक पत्र पाठवायचे होते. पाकिटावर वर 'आघारकर' व खाली 'आगरकर' लिहिलेले पाहून आमच्या टपालाच्या खिडकीवरील गृहस्थांनी पाकीट माझ्यापुढे सरकविले आणि म्हणाले, "साहेब, दोहोंतले एक दुरुस्त करा."