दप्तरांतला मळेवाला

आपल्या कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला आणि त्यानें काय मिळविलें, ही जिज्ञासा माणसाला फार जुनी आहे. अमेरिकेंत ती विशेष बळावलेली दिसते. कारण तेथील बहुतेक कुळांचा मूळपुरुष केव्हां ना केव्हां समुद्र ओलांडून आलेला असतो, आणि त्याच्या मागचा धागा तेथेंच तुटलेला असतो. व्हर्जिनिया व मेरीलँड या जुन्या इंग्रज वसाहतींतून आपला वंश सांगणाऱ्याची मनीषा बहुधा एकच असते : पूर्वज 'प्लँटर', म्हणजे मळेवाला, निघावा. हा शब्द उच्चारतांच पांढऱ्या खांबांचा वाडा आणि दूरवर पसरलेलें शेत डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु तें चित्र पुढल्या काळाचें आहे. सतराव्या शतकांत स्वतःच्या जमिनींत तंबाखू व मका लावणारा साधा शेतकरीही प्लँटरच म्हणविला जाई, आणि त्याचें घर बहुधा एक-दोन खोल्यांचें, लांकडाचें असे.

असाच एक मळेवाला अँथनी जॉन्सन. त्यानें रोजनिशी ठेविली नाहीं, आत्मचरित्र लिहिलें नाहीं. तरीही सुमारें पन्नास वर्षांचा त्याचा माग सरकारी दप्तरांतून काढतां येतो. तो कसा काढतां येतो, आणि काढल्यावर हातीं काय लागतें, हें पाहण्यासारखें आहे.

व्हर्जिनियांत असा शोध करणाऱ्याची पहिली अडचण आगीची. १८६५ च्या एप्रिलमध्यें, यादवी युद्धाच्या अखेरीस, रिचमंड शहर जळालें. सुरक्षित राहावीं म्हणून अनेक परगण्यांनीं तेथें पाठविलेलीं दप्तरेंही त्यांत भस्म झालीं. चेसापीक उपसागराच्या पूर्वेस जमिनीची जी चिंचोळी पट्टी आहे, तिचें भाग्य मात्र निराळें. तेथील ईस्टव्हिल या लहानशा गांवीं १६३२ पासूनचीं न्यायालयाचीं बाडें अखंड राहिलीं आहेत. दुसरी अडचण नांवांची. हाच परगणा आधीं अ‍ॅकोमॅक, १६४३ पासून नॉर्थॅम्प्टन, आणि १६६३ मध्यें त्याचे दोन भाग झाल्यावर उत्तरेचा भाग पुन्हां अ‍ॅकोमॅक! तिसरी अडचण पंचांगाची. १७५२ पर्यंत इंग्रजांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून मार्चच्या आरंभींची घटना मूळ बाडांत आपल्या हिशेबापेक्षां एक वर्ष मागें नोंदलेली सांपडते. हें ठाऊक नसलेला शोधक बापाच्या आधीं मुलाला जन्मास घालून बसतो.

वंशशोधाचा नियम असा, कीं पक्क्या नोंदीपासून आरंभ करून मागें मागें जावें. अँथनीची पक्की नोंद १६५१ च्या जुलैमधली. त्या महिन्यांत त्याला पंगोटीग खाडीकांठीं २५० एकर जमिनीची सनद मिळाली. वसाहतीची रीत अशी होती, कीं एका माणसाच्या प्रवासाचा खर्च सोसला म्हणजे ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. अँथनीच्या सनदेंत पांच माणसांचीं नांवें आहेत. त्यावरून त्यानें पांच नोकर आणले, असें अनुमान घाईचा शोधक काढील. पण तें खरें असेलच असें नाहीं. हे हक्क विकतही मिळत. सनद जमीन सिद्ध करते, नोकर सिद्ध करीत नाहीं.

दुसरी नोंद १६५३ च्या आरंभाची. त्याच्या मळ्यांत आग लागून मोठें नुकसान झालें, आणि त्यानें न्यायालयाकडे मदतीचा अर्ज केला. न्यायालयानें त्याची पत्नी मेरी आणि दोन मुली यांना जन्मभर करमाफी दिली. गोऱ्या स्त्रीवर असा कर सहसा नसे. १६४३ च्या कायद्यानें तो आफ्रिकन स्त्रियांवर बसविला होता. म्हणजे हें कुटुंब आफ्रिकन होतें, हें या नोंदींत स्पष्ट होतें. या निकालपत्रांत सहज लिहिलेलें एक वाक्य शोधकाला मोत्यासारखें वाटावें : हीं नवरा-बायको तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियांत राहत आहेत. १६५३ तून तीस वजा केले म्हणजे १६२३ येतें. म्हणजे त्यांचें आगमन त्याच्याही आधींचें.

त्या काळची एक शिरगणती सुदैवानें उपलब्ध आहे. १६२५ सालच्या या यादींत अनेक माणसांचें नांव, आलेलें जहाज व आगमनाचें वर्ष टिपलें आहे. एडवर्ड बेनेट याच्या मळ्यावर 'अंतोनियो, एक नीग्रो' अशी नोंद असून तो १६२१ मध्यें 'जेम्स' जहाजानें आला, असें म्हटलें आहे. त्याच मळ्यावर मेरी नांवाची एक आफ्रिकन स्त्री आहे. ती १६२२ मध्यें आली. हा अंतोनियो म्हणजेच पुढला अँथनी जॉन्सन, असें इतिहासकार मानतात. पत्नीचें नांव, आगमनाचा काळ आणि त्या वेळच्या वसाहतींतील आफ्रिकनांची अत्यल्प संख्या, या तिन्ही गोष्टी जुळतात. त्याच मळ्यावर २२ मार्च १६२२ रोजीं मूळ रहिवाशांचा हल्ला होऊन पन्नासांहून अधिक माणसें मारलीं गेलीं होतीं. अंतोनियो त्यांतून वांचला.

अंतोनियो हें नांवही एक कागदच समजावा. वसई आणि गोवें येथील ख्रिस्ती घरांमुळें तें मराठी माणसाच्या परिचयाचें आहे. ज्या पोर्तुगीजांनीं तें कोंकणच्या किनाऱ्यावर आणलें, त्यांनींच तें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अंगोलांत नेलें. १६१९ मध्यें व्हर्जिनियांत उतरविलेले आफ्रिकन कैदी अंगोलांतल्या लुआंडा बंदरांतून निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरूनच लुटून आणलेले होते. अंतोनियोचा अँथनी झाला आणि पुढें जॉन्सन हें इंग्रजी आडनांव लागलें, तरी पहिल्या नांवांतला मूळ प्रदेशाचा वास गेला नाहीं.

येथवरची कथा वंशजाला अभिमान वाटावा अशी आहे. गुलामीच्या वाटेनें आलेला एक माणूस कत्तलींतून वांचतो, स्वतंत्र होतो, जमीन मिळवितो. पण त्याच बाडांत १६५५ च्या मार्चमधलें एक पान आहे. जॉन कॅसर नांवाचा आफ्रिकन मनुष्य अँथनीच्या मळ्यावर राबत होता. आपण सात-आठ वर्षांच्या कराराचा चाकर असून मुदत संपल्यावरही आपल्याला डांबून ठेविलें आहे, अशी त्याची तक्रार होती. अँथनीचें म्हणणें, कीं हा आपला जन्माचा गुलाम. घरच्या माणसांच्या आग्रहानें त्यानें कॅसरला सोडलें, आणि कॅसर रॉबर्ट पार्कर या शेजाऱ्याकडे राहिला. मग अँथनीचें मन पालटलें व त्यानें पार्करवर दावा लावला. न्यायालयानें कॅसर अँथनीला परत देवविला आणि खर्च पार्करवर बसविला. एका माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्या व्हर्जिनियांतल्या आरंभीच्या निवाड्यांत याची गणना होते.

या पानापाशीं वंशशोधाची खरी कसोटी लागते. तें उलटून पुढें जाणारा मनुष्य इतिहास लिहीत नाहीं, स्तुतिपाठ लिहितो. उलट, याच एका पानाचा आधार घेऊन 'गुलामगिरीचा आरंभ एका आफ्रिकनानेंच केला' असें म्हणणाराही दप्तराशीं प्रामाणिक नसतो. गुलामगिरीचा कायदा अँथनीनें केला नाहीं. तो वसाहतीच्या विधिमंडळानें एकेक कलम जोडून रचला. १६६२ मध्यें आईची स्थिति तीच मुलाची, असें ठरलें. १६६७ मध्यें बाप्तिस्म्यानें सुटका होत नाहीं, असें ठरलें. १६७० मध्यें स्वतंत्र आफ्रिकनाला ख्रिस्ती चाकर ठेवण्याची बंदी झाली.

हा फांस आवळत असतांनाच, १६६५ च्या सुमारास, अँथनी आपल्या कुटुंबासह उत्तरेस मेरीलँडांत गेला. कॅसरही त्यांच्याबरोबर गेला. तेथें सॉमरसेट परगण्यांत अँथनीनें ३०० एकर जमीन भाडेपट्ट्यानें घेतली. त्या मळ्याचें नांव 'टोनीचा द्राक्षमळा'. १६७० मध्यें तो वारला. त्याच वर्षीं व्हर्जिनियांतील त्याच्या जुन्या जमिनीचा प्रश्न पंचांपुढें आला. पंचांनीं असा निर्णय दिला, कीं अँथनी नीग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून ती जमीन सरकारजमा होण्यास पात्र आहे. ज्या प्रांताच्या न्यायालयानें सतरा वर्षांपूर्वीं त्याला तीस वर्षांचा जुना रहिवासी म्हटलें होतें, त्याच प्रांतांत तो मेल्यावर परका ठरला! दोन्ही कागद सरकारीच, आणि दोन्ही रीतसर नोंदलेले. माणूस तोच होता. बदललें होतें तें राज्याचें मन.

कुटुंबाची आणखी एक नोंद सांगितल्याविना ही हकीकत पुरी होत नाहीं. १६७७ मध्यें अँथनीचा नातू जॉन जॉन्सन यानें मेरीलँडांत ४४ एकर जमीन विकत घेतली. त्या काळीं प्रत्येक मळ्याला नांव देण्याची चाल होती, व तें नांव खतांत लिहिलें जाई. इंग्रज शेजारी आपल्या मळ्यांना विलायतेंतल्या गांवांचीं नांवें देत. या नातवानें आपल्या मळ्याचें नांव ठेविलें 'अंगोला'.

यानंतर लौकरच या कुळाचा माग दप्तरांतून पुसट होत जातो. करवसुली, जमीन आणि तंटा या तीन निमित्तांनीं सरकारनें त्यांना लिहून ठेविलें. त्यांचें हंसणें-रडणें लिहून ठेवण्याचें सरकारला कारण नव्हतें. परंतु त्या एका शब्दांत कारकुनानें, स्वतःला नकळत, त्यांच्या घरांतली गोष्ट टिपून ठेविली आहे. आजोबा कोठून आले, हें नातवाला ठाऊक होतें. दप्तरें धुंडाळणाऱ्या आजच्या वंशजाला जें शोधावें लागतें, तें त्या नातवानें आपल्या शेतालाच नांव म्हणून दिलें होतें.