तांबड्या समुद्रात उतरवलेला कोट

मुंबईहून आगबोटीने विलायतेला निघालेल्या माणसाच्या सामानावर तीन तऱ्हेची लेबलं लागत. ‘केबिन’ असं लिहिलेला डाग थेट खोलीत जायचा. ‘प्रवासात लागेल’ असं लिहिलेली पेटी सामानाच्या कोठीत, अधूनमधून उघडता येईल अशी ठेवत. आणि ‘प्रवासात नको’चं लेबल लागलेला डाग एकदा बोटीच्या पोटात उतरला की पुन्हा दिसायचा तो लंडनच्या धक्क्यावरच. जाड लोकरी कपडे, नातेवाइकांसाठी घेतलेल्या भेटी, असला सगळा बाडबिस्तरा त्या पोटात. पण संध्याकाळचा काळा सूट, खळ घातलेले पांढरे शर्ट, सुट्या कॉलरी किंवा मडमेचे लांब झगे चुकून तिकडे गेले, तर पुढचे दोन-तीन आठवडे जेवणघरात तोंड दाखवायची पंचाईत. पी. अँड ओ. कंपनीच्या पहिल्या वर्गात रात्री जेवायला जायचं ते ‘ड्रेस’ करूनच.

आजच्या क्रूझवर ‘फॉर्मल नाइट’ आठवड्यातून एक-दोनदा येते, आणि तेवढ्यासाठी माणसं महिनाभर आधीपासून कपाटं उपसतात. जुन्या बोटींवर ती जवळजवळ रोजच असे. सूट मिळायची दोनच दिवशी. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधून झालेल्या असत, म्हणून त्या दोन रात्री दिवसाच्या कपड्यांत जेवलं तरी चाले. चाले म्हणण्यापेक्षा तेच शहाणपणाचं मानत. पहिल्याच रात्री नटूनथटून येणारा नवखा आहे, हे बाकीचे न बोलता ओळखत.

जेवणाच्या आधी कपडे बदलण्याची वर्दी मिळायची, कुठे बिगुल वाजवून, कुठे घंटा बडवून. मग त्या अरुंद खोलीत खरी कसरत सुरू. शर्टाची छाती खळीने पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. तिला नेहमीची बटणं नसत. दोन्ही बाजूंच्या काजांतून धातूच्या किंवा मोत्याच्या सुट्या गुंड्या ओवायच्या. कॉलर वेगळी, ती मागे एका गुंडीने आणि पुढे दुसऱ्या गुंडीने अडकवायची. बोट एका कुशीवर कलली की गुंडी बोटांतून निसटायची आणि पलंगाखाली घरंगळत जायची. छताजवळ हवा सोडणारं एक गोल तोंड असे. बोटीवरच्या इंग्रजीत त्याचं नावच ‘पंखा लूव्हर’. आपला दोरीचा पंखा बोटींच्या जेवणघरात एके काळी टेबलांवर झुलत असे. तो गेला तरी त्याचं नाव या झरोक्याला चिकटून राहिलं.

आता ज्या कपड्यासाठी एवढा आटापिटा, त्याचं कूळ बघितलं तर गंमत वाटते. काळं डिनर जॅकेट आज औपचारिकतेचा कळस समजलं जातं. जन्माला मात्र ते आरामाचा कपडा म्हणून आलं. १८६५ साली लंडनच्या सॅव्हिल रो या शिंपी गल्लीतल्या हेन्री पूल यांच्या दुकानाने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, एक आखूड कोट शिवला. रंग काळा नव्हता, निळा होता. सँड्रिंगहॅमच्या घरी खासगी जेवणाच्या वेळी मागे शेपट्या लोंबणारा लांब कोट नकोसा वाटे, म्हणून हा आखूड. १८८६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कच्या क्लबात असाच शेपटीविना कोट मिरवला गेला आणि अमेरिकेत त्याला गावाचंच नाव पडलं. थोडक्यात, एका पिढीचा ढिलेपणा पुढच्या पिढीची शिस्त होऊन बसला. बोटीवरच्या पोशाखाचा सगळा इतिहास याच एका चालीने पुढे सरकला आहे, आणि या ढिलेपणाला सगळ्यात जास्त हातभार लावला तो सुएझच्या दक्षिणेकडच्या उकाड्याने.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेची वाट तांबड्या समुद्रातून जाऊ लागली. दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि वारा मागून येत असला तर बोटीच्या वेगाइतकाच त्याचा वेग, म्हणजे डेकवर पान हलायचं नाही. खोल्या भट्टीसारख्या तापत. अशा हवेत कडक कॉलर घालून सूप प्यायला बसणं म्हणजे शिक्षाच. खळ विरघळून कॉलर मानेला चिकटायची. पोर्ट सैद ओलांडलं की बोटीचे अधिकारी पांढऱ्या गणवेशात दिसू लागत आणि प्रवासीही पांढरे कपडे बाहेर काढत. त्याच बंदरात सिमॉन आर्ट्झच्या दुकानात हिंदुस्थानकडे निघालेले नवखे साहेब भेंडाचा सोला टोप विकत घेत. कायमचे घरी परतणारे काही जण पोर्ट सैद सोडताना तोच टोप समुद्रात भिरकावून देत.

या उकाड्यातून एक पोशाख जन्माला आला, त्याचं नाव ‘रेड सी रिग’. काळी विजार तीच, शर्ट पांढरा, गळा मोकळा, बो नाही आणि मुख्य म्हणजे कोट नाही. कंबरेला रुंद पट्टा. इंग्रजी आरमाराने ही तऱ्हा उचलली, आखाती देशांतल्या वकिलातींच्या मेजवान्यांत ती पोहोचली आणि आजही काही आमंत्रणपत्रिकांवर हे नाव छापलेलं आढळतं. कोट काढला तरी माणूस ‘ड्रेस’ केलेलाच राहतो, याची सगळी जबाबदारी त्या एका पट्ट्यावर.

आणि तो पट्टा म्हणजे आपला कमरबंद! शब्द फारसी, इंग्रजीत १७व्या शतकातच शिरलेला. मराठी शिपायाच्या कंबरेचा पटका, सरदाराचा शेला, हे त्याचेच भाऊबंद. १९व्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी उकाड्यात वेस्टकोट अंगावर वागवण्याऐवजी हा रेशमी पट्टा बांधायला सुरुवात केली. तिथून तो मेसमध्ये, मेसमधून बोटीवर आणि बोटीवरून लंडनच्या शिंप्याकडे गेला. त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडणाऱ्या असाव्यात असा दंडक आहे. त्यात नाटकाची तिकिटं खोचून ठेवत, असं कारण दुकानदार सांगतात. ते खरं असो की नसो, आज भाड्याने टक्सीडो आणणारा मुंबईकर नवरदेव इंग्रजी स्पेलिंगचा ‘कमरबंड’ मागतो, तेव्हा घरचीच वस्तू परदेशी वळसा घालून परत आलेली असते.

या वाटेवरची आणखी एक लोककथा मात्र टिकत नाही. श्रीमंत थाटासाठी इंग्रजीत ‘पॉश’ हा शब्द आहे. विलायतेहून हिंदुस्थानकडे जाताना बोटीची डावी बाजू आणि परतताना उजवी, म्हणजे दोन्ही वेळा सावलीची खोली, अशा शब्दांची आद्याक्षरं पी. अँड ओ.च्या तिकिटांवर छापत आणि त्यातून ‘पॉश’ झाला, असं सर्रास सांगतात. तसं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही.

अटलांटिकवरचा थाट निराळा होता. तिथे उकाडा नाही, प्रवास पाच-सहा दिवसांचा, आणि अमेरिकेचा पैसा. फ्रेंच कंपन्यांनी ओळखलं की कपडे घालण्याइतकंच ते दिसणंही महत्त्वाचं आहे. म्हणून त्यांच्या बोटींत जेवणघर खाली आणि त्यात उतरणारा मोठा जिना, अशी रचना असे. बाई झगा सावरत एकेक पायरी उतरते आहे आणि खालची टेबलं वर बघताहेत, हा रोजचा प्रयोग. १९३५ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या ‘नॉर्मंडी’चं पहिल्या वर्गाचं जेवणघर सुमारे ९३ मीटर लांब होतं, म्हणजे व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षाही लांब. एका वेळी ७०० माणसं बसत. लालीक या फ्रेंच काचकलाकाराच्या काचेचे उजळलेले खांब, वातानुकूलित हवा, आणि खिडकी एकही नाही. समुद्र दिसायची सोयच ठेवलेली नव्हती. बघायचं ते एकमेकांना.

हा देखावा सगळ्यांना रुचत होता असं नाही. शिष्टाचारावरचं अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या एमिली पोस्टबाईंनी १९२२ मध्येच बोटीवर नाचाचे झगे घालणाऱ्यांची टर उडवली होती. त्यांच्या मते, ज्यांना दागदागिने मिरवायला दुसरी जागा नाही तेच बोटीवर असा थाट करतात. खानदानी माणूस तिथे साधाच वावरतो.

‘टायटॅनिक’वरही जेवणाची वर्दी बिगुलाने मिळत असे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बोट बुडत असताना बेंजामिन गुगेनहाइम या धनाढ्य प्रवाशाला हेन्री एचेस या नोकराने जाड स्वेटर आणि जीवरक्षक पट्टा चढवून वर पाठवलं. थोड्या वेळाने पाहतो, तर गुगेनहाइम आणि त्याचा खासगी सेवक दोघेही स्वेटर उतरवून रात्रीच्या जेवणाच्या पोशाखात उभे. मरायचंच तर सभ्य गृहस्थासारखं, असा त्यांचा विचार. ही हकीकत एचेसने बचावल्यावर सांगितली. खालच्या वर्गात बुडालेल्या शेकडो स्थलांतरितांच्या पेट्यांत असला कोट नव्हताच. तिसऱ्या वर्गाला ‘ड्रेस’चा नियम लागू नव्हता, कारण पहिल्या वर्गाच्या जिन्यापर्यंत त्यांना येऊच देत नसत.

मुंबईहून निघणाऱ्या हिंदी प्रवाशाला तर कोट घालायचा की नाही हा प्रश्न कोणत्या पेटीत ठेवायचा याच्याही आधी पडे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा एकोणीस वर्षांचाही न झालेला मुलगा ‘क्लाइड’ बोटीने निघाला. आत्मकथेत त्यांनी लिहिलं आहे की आखूड कोट त्यांना अंग उघडं पडल्यासारखा वाटे आणि नेकटाय तर नकोशी. काटे-चमचे धरता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून ते जेवणघरात गेलेच नाहीत, बरोबर आणलेली फळं आणि मिठाई खोलीतच खाल्ली. बोटीवर काळा सूट वापरला आणि मित्रांनी दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरण्यासाठी राखून ठेवला. सप्टेंबरअखेरच्या इंग्लंडात पाय ठेवला, तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच.

त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी हेच गांधी पंचा नेसून ‘राजपूताना’ बोटीवर चढले. दुसरा वर्ग, मुक्काम बहुतेक डेकवर. बरोबरच्या मंडळींनी आणलेल्या पेट्या पाहून ते चिडले आणि जास्तीचं सामान एडनहून परत पाठवायला लावलं. ‘प्रवासात नको’ हे लेबल एवढं मनावर घेणारा प्रवासी पी. अँड ओ.ला क्वचितच मिळाला असेल. गांधी लंडनच्या ज्या गोलमेज परिषदेला निघाले होते, तिच्यासाठीच त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर ‘मुलतान’ बोटीने गेले होते. त्यांचा सूट आयुष्यभर नीटनेटका राहिला. ज्या समाजाने कोणी काय अंगावर घालावं हेही जातीवर ठरवलं, तिथे तो सूट म्हणजे नुसती विलायती नक्कल नव्हती. एकाने कोट उतरवला, एकाने चढवला. दोघांनाही कपड्याची भाषा पुरती कळत होती.

या सगळ्या थाटामागे हात कोणाचे होते? पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण आगवाले. आणि जेवणघरात व खोल्यांत गोवेकर ख्रिस्ती. गोमांस, डुकराचं मांस, दारू यांना हात लावायला त्यांचा धर्म आडवा येत नसे, म्हणून कंपनीला ते सोयीचे. साहेबाचा शर्ट पलंगावर काढून ठेवणं, गुंड्या बशीत मांडणं, झग्याच्या चुण्या झटकणं हे त्यांचं काम. गोव्यात या दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात.

दोन सफरींच्या मध्ये तारवटी मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागातल्या ‘कूड’मध्ये उतरत. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी सामाईक खोली. त्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या पेट्या. प्रत्येकाची जागा म्हणजे त्याची पेटी. तिच्यावरच बसायचं, तिच्यातच सगळा संसार. या पेट्यांना लेबलं तीन नव्हती, पेटी एकच.

१९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि बोटीचा प्रवास ही गरज उरली नाही. १९७० उजाडेपर्यंत मुंबई–विलायत वाटेवरची जुनी प्रवासी वाहतूकही आटोपत आली. बोटी मग सहलीला निघाल्या. वर्ग बहुतेक गेले, एकाच जेवणघरात सगळे आले आणि तेव्हा रोजचा ‘ड्रेस’ आक्रसून आठवड्यातल्या एक-दोन रात्रींपुरता राहिला. २००० साली नॉर्वेजियन कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ म्हणत तीही सक्ती काढून टाकली. २०१५ च्या अखेरीस सेलिब्रिटी कंपनीने ‘फॉर्मल नाइट’ हे नावच बदलून ‘इव्हनिंग शीक’ केलं. आता तिथे चांगल्या जीन्सवरही भागतं.

क्युनार्डच्या बोटींवर मात्र ‘गाला’ रात्र अजून पाळतात. पुरुषांना टक्सीडो किंवा गडद सूट, लष्करी गणवेश किंवा आपल्या देशाचा औपचारिक पोशाख. म्हणजे बंदगळा चालतो, बायकांची पैठणी तर शोभूनच दिसते. घालायचं नसेल त्याने ठरवून दिलेल्या जागीच जेवावं. वर्ग गेले तरी संध्याकाळी सहानंतर बोटीचे काही भाग कोटवाल्यांचे आणि काही बिनकोटवाल्यांचे होतातच.

आता खोलीत शर्ट काढून ठेवायला बहुतेकांना नोकर नसतो. ‘क्वीन मेरी २’वर प्रवाशांसाठी इस्त्र्यांसकट धुलाईखोल्या आहेत. गाला रात्रीच्या दुपारी तिथे रांग लागते. कोणाच्या हातावर रेशमी झगा, कोणाच्या खांद्यावर चुरगळलेला पांढरा शर्ट. पुढच्या माणसाची इस्त्री उरकेपर्यंत दाराशी ताटकळायचं, आणि त्यातला एखादा शेजारच्याला विचारत असतो, कमरबंदाच्या चुण्या वर की खाली?